पुंजके दिसले, की आपणच जमवले?

मंडळी, पेशीच्या पटलावर रेणू पुंजक्यांनी राहतात, हे वाक्य आता पाठ्यपुस्तकात गेलंय. माझी तक्रार त्या वाक्याबद्दल नाही. ते ज्या खुणांच्या आधारावर उभं आहे, त्या खुणांबद्दल आहे.

सुरुवात 1994 पासून करू. लिपिडच्या नांग्यराने, म्हणजे जीपीआयने, पटलाला अडकलेली काही प्रथिनं कॅव्हिओली नावाच्या छोट्या खळग्यांत गोळा होतात, असं तोवर मानलं जाई. सत्यजित मेयर, कॅरेन रॉथबर्ग आणि फ्रेडरिक मॅक्सफील्ड यांनी 'सायन्स'मध्ये दाखवलं की त्यांच्या पेशींत ही प्रथिनं मुळात पसरलेली होती. खूण लावायला वापरलेल्या दुय्यम प्रतिपिंडांनी ती बांधली गेली, तेव्हा खळग्यांत जमली. प्रतिपिंडाला दोन हात असतात हो! दोघांना धरलं की ते शेजारी होणारच. मोजायला गेलेल्या माणसानेच गर्दी जमवली, असा हा प्रकार.

'मग आधी पेशी फॉर्मल्डिहाइडने पक्की करा' असं कुणी म्हणेल. पण नुसत्या फॉर्मल्डिहाइडनंतरही पटलातले बरेच रेणू हिंडत राहतात, आणि प्रतिपिंड त्यांना गोळा करू शकतात. 2010 साली 'नेचर मेथड्स'मध्ये हे एकेका रेणूचा माग काढून दाखवलं गेलं. तरी आजही 'पेशी पक्की केली होती' एवढं लिहून लोक मोकळे होतात.

आता शेजारी ओळखण्याच्या नव्या पद्धतीकडे येऊ. 2008 साली जपानमध्ये नोरिहिरो कोतानी, कोइची होन्के आणि सहकाऱ्यांनी 'एमार्स' पद्धत मांडली. ज्या रेणूत रस आहे त्याला हॉर्सरॅडिशच्या मुळातलं पेरॉक्सिडेज हे विकर जोडायचं. ते आसपास अत्यंत क्रियाशील मूलकं सोडतं, आणि जवळच्या प्रथिनांवर खूण उमटते. कल्पना सुंदर आहे, हे मी मनापासून म्हणतो. जिवंत पेशीवर, पटल न फोडता शेजाऱ्यांची यादी मिळते.

पण मिरवणुकीत एकजण गुलाल उधळतोय असं समजा. संध्याकाळी ज्यांच्या अंगावर गुलाल, ते सगळे त्याचे सोबती का? या पद्धतीची पोच दोनतीनशे नॅनोमीटर सांगितली जाते. प्रथिन असतं पाचेक नॅनोमीटरचं. म्हणजे त्या वर्तुळात हजारो प्रथिनं मावतील. शिवाय मूलक क्षणभरच टिकतं हे खरं, पण विकर मिनिटंच्या मिनिटं काम करत असतं. तेवढ्यात मोकळा रेणू काही मायक्रॉन हिंडून येतो. जाताजाता गुलाल लागलेला आणि बरोबर चालणारा, यादीत दोघंही सारखेच. आणि विकर जर दुहाती प्रतिपिंडावरच बसवलं असेल, तर आपण परत 1994 ला पोहोचलो!

उपाय आहेत. एकहाती तुकडा वापरा. तेच विकर पटलावर मोकळ्या फिरणाऱ्या प्रथिनाला जोडून दुसरी यादी काढा आणि दोन्ही ताडून पाहा. ही दुसरी यादी नसलेला निबंध मी अर्ध्यावर बाजूला ठेवतो. कडक वाटेल, पण यादीतल्या एकेका नावामागे एखाद्या विद्यार्थ्याची तीन वर्षं जातात.

याउलट 1998 चं मेयर आणि राजत वर्मा यांचं बंगळूरचं काम पाहा. फोलेट ग्राहकाला त्यांनी चकाकणारं फोलेटच दिलं, एका ग्राहकाला एकच. मग रेणू काही नॅनोमीटरवर असले तर एकमेकांना ऊर्जा देतात आणि प्रकाशाचं ध्रुवीकरण घटतं, तेवढं मोजलं. पुंजके मिळाले. त्याच वर्षी अ‍ॅन केनवर्दी आणि मायकेल एडिडिन यांना वेगळ्या प्रथिनावर, प्रतिपिंडांच्या खुणेने, बहुतांश रेणू विखुरलेलेच दिसले. 2004 मध्ये बंगळूरच्या गटाने जे मांडलं, त्यात दोन्हींना जागा होती: 20 ते 40 टक्के रेणू पुंजक्यांत, तेही जेमतेम चारपर्यंतचे. बाकीचे एकटे.

चार रेणू! दोनतीनशे नॅनोमीटर गुलाल उडवणाऱ्या पद्धतीला ते कसे दिसावेत, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. प्रश्न असतील तर इथूनच सुरू करू.