सांध्यातला विनोद : गॉडफ्रे हो यांचे निंजापट

अल्पखर्ची मारधाडपटांच्या संदर्भात 'अहेतुक विनोद' ही संज्ञा सर्रास वापरली जाते. संहितेला एक कर्ता आहे, त्याचा हेतू गंभीर आहे आणि तो सफल झालेला नाही, असे तिच्यात गृहीत असते. गॉडफ्रे हो यांनी १९८०च्या दशकात हाँगकाँगच्या आयएफडी या संस्थेसाठी केलेले निंजापट या गृहीतालाच तडा देतात.

या चित्रपटांची निर्मितिप्रक्रिया निराळी आहे. आशियातील एखादा अल्पपरिचित चित्रपट विकत घ्यायचा, रिचर्ड हॅरिसनसारखा पाश्चात्त्य नट घेऊन निंजांची काही दृश्ये नव्याने चित्रित करायची, दोहोंचे एकत्र संकलन करून वर इंग्रजी संवाद चढवायचे आणि ते सारे नवा चित्रपट म्हणून परदेशी विकायचे. 'निंजा टर्मिनेटर'मध्ये (१९८५) असा एक कोरियन चित्रपट सामावला आहे. त्याचा नायक आणि हॅरिसन एका चौकटीत येणे शक्यच नाही. म्हणून ते दूरध्वनीवर बोलतात. हॅरिसनच्या हातातील दूरध्वनी गारफिल्ड या व्यंगचित्रातील मांजराच्या आकाराचा आहे.

प्रेक्षक मांजराला हसतो हे खरेच. परंतु तेवढ्याने त्या हास्याचा उलगडा होत नाही. तो दूरध्वनी हा दोन चित्रपटांमधला पूल आहे. एक बोलतो, दुसरा ऐकतो, तेव्हा दोघे एकाच जगात आहेत, हा चित्रभाषेतील अगदी प्राथमिक संकेत. येथे सारे कथानक त्याच्या आधाराने उभे राहते. प्रकाशाचा पोत आणि चेहऱ्यांवरील भाव मात्र त्याला साथ देत नाहीत. कुलेशोव्हच्या प्रयोगांनी संकलनाच्या ज्या सामर्थ्याची ग्वाही दिली, ते येथे उघड्यावर कष्ट करताना दिसते.

अभिनवगुप्ताने अनौचित्यात हास्याचे मूळ पाहिले. कपाळपट्टीवर 'निंजा' अशी अक्षरे मिरवणारा योद्धा त्या व्याख्येत सहज बसतो. (लपून राहणे हाच ज्याचा धर्म, त्याने स्वतःची पाटी लावावी!) भरताने सांगितलेला विकृत वेष तो हाच. दूरध्वनीचे अनौचित्य मात्र कोणत्याही पात्रात नाही. ते दोन संहितांच्या संबंधात आहे, आणि रसविचाराची पात्रनिष्ठ परिभाषा तेथे अपुरी पडते.

सुसान सोन्टॅग यांच्या १९६४ मधील 'कॅम्प'विषयक निबंधातील कसोटीही येथे अडखळते. फसलेले गांभीर्य आस्वाद्य ठरायचे, तर त्यामागे कोणाची तरी उत्कट निष्ठा असावी लागते. येथे जोडणी करणाऱ्याचा व्यवहार उघड व्यापारी आहे. निष्ठा असलीच तर ती मूळ चित्रपटाच्या कलावंतांची. त्यांची कथा मोडली गेली, मुखी परके शब्द घातले गेले, आणि नव्या नावाखाली मूळ कृतीची ओळखही झाकली गेली. 'काय हा अडाणीपणा' म्हणून हसणारा सुशिक्षित प्रेक्षक अनेकदा या विस्थापित गांभीर्यालाच हसत असतो. हास्यात निर्मात्यांबरोबर तोही भागीदार होतो, याची दखल या चित्रपटांच्या कौतुकपर लेखनात क्वचितच घेतली जाते.

याच चित्रपटात सोनेरी केसांचा टोप घातलेला खलनायक आहे ह्वांग जंग-ली. 'ड्रंकन मास्टर'मध्ये (१९७८) जॅकी चॅनसमोर उभा राहिलेला. टोपाला हसू येते. तो लाथ उचलतो तेव्हा ते थांबते, कारण त्या हालचालीला कोठेही सांधा नाही. पुढच्याच तुकड्यात दूरध्वनी वाजला, की हसू परत येते.