न्यायनिवाड्यांचीं आंतरजालावरील दप्तरें : परीक्षण

वतनाच्या, दत्तकाच्या किंवा इनामाच्या भांडणांत पुढें आलेला कागद घराण्याच्या पेटींतून नाहींसा झाला तरी न्यायाधीशाच्या निकालपत्रांत त्याचा गोषवारा पुष्कळदां शिल्लक राहतो, हें जुने कागद जमविणारांस सांगावयास नको. अशा निकालपत्रांसाठीं पूर्वीं एखाद्या वकिलाची मनधरणी करून त्याचें कपाट उघडवावें लागे. आतां तीं आंतरजालावर घरबसल्या वाचावयास मिळतात. सोय मोठी आहे. परंतु मिळालेली प्रत अस्सल कीं नक्कल, पूर्ण कीं त्रुटित, आणि तिच्या मागून दुसरा हुकूम झाला कीं काय, हे प्रश्न रुमाल सोडतांना आपण ज्या कसोशीनें विचारतों ती कसोशी येथें फारशी दिसत नाहीं. म्हणून या दप्तरांचें परीक्षण करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम सर्वोच्च न्यायालयाचें दप्तर. १९५० पासूनची आपली अधिकृत निकालमाला या न्यायालयानें जानेवारी २०२३ मध्यें सर्वांस विनामूल्य खुली केली. आरंभींच सुमारें ३४,००० निकाल तींत होते. मालेचा पृष्ठांक व सारांश यांसह निकाल हातीं येत असल्यामुळें दाखला देण्यास ही प्रत निःशंकपणें घ्यावी. २००८ पासून चालू असलेलें 'इंडियन कानून' हें खासगी शोधस्थान निराळ्या जातीचें आहे. एका निकालाचा आधार पुढें कोणकोणत्या निकालांत घेतला गेला याची तेथील सांखळी इतकी उपयुक्त आहे कीं, तिच्यावांचून आमचें तरी पाऊल पुढें पडत नाहीं. मात्र जुन्या निकालांचा तेथील पाठ नव्यानें अक्षरांत उतरविलेला असतो. ती मूळ पानाची प्रतिमा नव्हे. वाटाड्या म्हणून तो चांगला, पण साक्षीस मूळ पानच पाहिजे.

रखमाबाईचा खटला घ्या. मुंबईच्या निकालमालेंत तिचें नांव 'रुखमाबाई' या उच्चारास धरून इंग्रजींत छापलेलें आहे. मराठी उच्चाराप्रमाणें अक्षरें जुळविणारास शोधयंत्र रिक्तहस्तें परत पाठवील असा संभव फार. बरें, त्यास न्या. पिन्हे यांचा १८८५ चा, म्हणजे ९ व्या खंडांतील पृष्ठ ५२९ चा निकाल सांपडला असें समजूं. त्यावरून दादाजी भिकाजीचा दावा फेटाळला गेला असें तो टिपून ठेवील. परंतु १० व्या खंडांत, पृष्ठ ३०१ वर, मुख्य न्यायाधीश सार्जंट व न्या. बेली यांनीं १८८६ सालीं तोच निकाल फिरविलेला आहे. आणि खटला पुन्हां खालीं आल्यावर मार्च १८८७ मध्यें न्या. फॅरन यांनीं एका महिन्यांत पतीच्या घरीं जावें, न गेल्यास सहा महिन्यांची कैद, असा हुकूम दिला. पहिल्या कागदाशींच थांबणारा चरित्रकार या बाईस खटला जिंकलेली ठरवून मोकळा होईल ! ज्या दप्तरांत हे तीन कागद एकमेकांस जोडलेले नाहींत त्यास आम्हीं अपुरें म्हणूं, मग त्यांत निकालांची संख्या कितीही असो.

मागून झालेला हुकूम न दिसल्यामुळें केवळ चरित्रच बिघडतें असें नाहीं. माहिती-तंत्रज्ञान कायद्याचें कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयानें २४ मार्च २०१५ रोजीं रद्द केलें. तरी त्याखालीं गुन्हे नोंदविणें चालूच आहे, असें जुलै २०२१ मध्यें त्याच न्यायालयापुढें आलें. छापील कायद्यांत कलम जसेंच्या तसें आहे आणि तें रद्द झाल्याचें केवळ तळटीपेंत लिहिलेलें आहे, असें त्या वेळीं महान्यायवाद्यांनींच निवेदन केलें. तळटीप न वाचण्याची खोड आम्हां संशोधकांतही आहे. पण आमच्या चुकीनें कोणी कोठडींत जात नाहीं. या कलमाखालीं कोणावरही खटला चालवूं नये असें न्यायालयास ऑक्टोबर २०२२ मध्यें पुन्हां बजावावें लागलें.

राहिले बनावट कागद. जून २०२३ मध्यें न्यूयॉर्क येथील एका न्यायाधीशानें दोन वकिलांस व त्यांच्या पेढीस मिळून ५,००० डॉलर दंड केला. कारण त्यांनीं कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रानें रचलेले, कधींच न झालेले निकाल दाखले म्हणून सादर केले होते. निकाल खरा आहे ना, असें एका वकिलानें त्या यंत्रासच विचारलें, आणि यंत्रानें होकार दिला ! १८५२ च्या ११ व्या कायद्याखालील इनामचौकशींत सनद खरी कीं खोटी हें इनामदारास विचारून ठरवीत नसत. ती सरकारी दप्तराशीं ताडून पाहत.

हक्काचा प्रश्न थोडक्यांत असा : निकालाच्या मूळ मजकुरावर कोणाचीही मालकी नाहीं, संपादकानें स्वतःच्या बुद्धीनें घातलेल्या भरीवर मात्र असूं शकते, असें सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २००७ मध्यें ठरविलें आहे. तेव्हां मूळ निकाल उतरून घेण्यास संग्राहकांनीं बिचकूं नये.

१८७६ पासूनच्या मुंबई मालेचे पुष्कळ जुने खंड 'इंटरनेट आर्काइव्ह' या संग्रहांत पानांच्या प्रतिमांसह आहेत. त्यांतील यंत्रवाचित अक्षरें मराठी आडनांवें व गांवांचीं नांवें यांचा वाटेल तसा विपर्यास करतात. म्हणून शोधाच्या चौकटींत नांव घालून 'नाहीं' असें उत्तर आलें तरी खंड मिटूं नये, शेवटची सूची काढून ती ओळीनें वाचावी. अशा वाचनास एक संध्याकाळ पुरते.