प्रकाशकीतील समीक्षा-नियतकालिक : प्रयोजन आणि कसोटी

एखाद्या शास्त्रात नव्या नियतकालिकाची भर पडली म्हणजे वाचकापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो हा की, आधीच साचलेल्या छापील पानांत या नव्या पानांनी नेमके काय साधणार? नियतकालिक शोधनिबंधांचे असेल तर उत्तर सोपे असते. नवे संशोधन कोठे तरी प्रसिद्ध व्हावयास हवे. परंतु ते समीक्षालेखांचे असेल तर प्रश्न अवघड होतो. समीक्षालेख नवा शोध सांगत नाही. शेकडो निबंधांतून विखुरलेल्या शोधांचा परस्परसंबंध कोणता, त्यांतील काय टिकले, काय गळून पडले आणि काय अजून सिद्ध व्हावयाचे आहे, हे तो सांगतो. त्याचे मोल माहितीच्या साठ्यावर नव्हे, तर निर्णयाच्या सचोटीवर ठरते.

‘अ‍ॅडव्हान्सेस इन ऑप्टिक्स अँड फोटॉनिक्स’ हे समीक्षा-नियतकालिक ऑप्टिकल सोसायटी ऑफ अमेरिका या संस्थेने २००९ साली सुरू केले, त्याचा विचार या दृष्टीने उद्बोधक आहे. (ही संस्था २०२१ पासून ‘ऑप्टिका’ या नावाने ओळखली जाते.) समीक्षा-नियतकालिकाची कल्पना तेव्हा नवी नव्हती. ‘रिव्ह्यूज ऑफ मॉडर्न फिजिक्स’ १९२९ पासून निघत होते. खास प्रकाशकीपुरती ‘प्रोग्रेस इन ऑप्टिक्स’ ही ग्रंथमाला एमिल वुल्फ यांच्या संपादनाखाली १९६१ पासून चालू होती. नव्या नियतकालिकाचे वैशिष्ट्य असे की, त्याने विस्तृत समीक्षेबरोबरच पाठात्मक लेखनालाही, म्हणजे विषयात नव्याने शिरणाऱ्यास पायरीपायरीने वर नेणाऱ्या लेखांनाही, तितकेच मानाचे स्थान दिले. त्याचे पहिले संपादक बहा सालेह हे फोटॉनिकीवरील एका सर्वमान्य पाठ्यग्रंथाचे सहलेखक. वुल्फ हेही मॅक्स बॉर्न यांच्यासह १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रकाशकीवरील ग्रंथाचे सहलेखक. दोन्ही उपक्रमांच्या आरंभी पाठ्यग्रंथकार असावेत, हा निव्वळ योगायोग मानता येत नाही. विषयाची मांडणी आरंभापासून शेवटपर्यंत एकदा तरी ज्याने केली आहे, त्यालाच त्यातील रिकाम्या जागा दिसतात.

अशी समीक्षा नसली तर काय घडते, याचा एक दाखला भारतीय प्रकाशकीच्या इतिहासातच आहे. शिवरामकृष्णन पंचरत्नम् यांनी १९५६ साली ध्रुवित प्रकाशाच्या व्यतिकरणावरील आपला निबंध ‘प्रोसीडिंग्ज ऑफ द इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेस’मध्ये प्रसिद्ध केला. भिन्न ध्रुवणाच्या दोन शलाकांच्या संयोगाने मिळणारी तीव्रता जेव्हा कमाल असते तेव्हा त्या शलाका समकला मानाव्यात, अशी त्यांची व्याख्या होती. तिच्यातून विलक्षण निष्कर्ष निघाला. पहिली अवस्था दुसरीशी समकला असेल आणि दुसरी तिसरीशी असेल, तरी तिसरी पहिलीशी समकला असेलच असे नाही. त्यांच्यातील कलांतर प्वांकारे-गोलावरील त्या तीन बिंदूंच्या त्रिकोणाने व्यापलेल्या घनकोनाच्या निम्मे भरते. १९८४ साली मायकेल बेरी यांनी पुंजयामिकीत भूमितीय कलेची संकल्पना मांडली, १९८६ साली रामशेषन् व नित्यानंद यांनी ‘करंट सायन्स’मध्ये पंचरत्नम् यांच्या कार्याशी तिचा संबंध दाखविला, आणि १९८७ साली बेरी यांनी स्वतः त्या कार्याचे महत्त्व विशद केले. मधल्या तीस वर्षांत निबंध कोणी लपविला नव्हता. तो छापलेला होता, आणि १९७५ साली पंचरत्नम् यांचे संकलित कार्यही ग्रंथरूपाने निघाले होते. मात्र पंचरत्नम् स्वतः १९६९ सालीच निवर्तले होते. उणीव प्रकाशनाची नव्हती. स्फटिकप्रकाशकीच्या एका कोपऱ्यातील निष्कर्ष सबंध भौतिकीच्या संदर्भात ठेवून पाहणाऱ्या दृष्टीची होती. एखाद्या समीक्षालेखाने हा विलंब खात्रीने टळला असता असे म्हणणे धाडसाचे होईल. पण तो टाळण्याचे साधन समीक्षा हेच होते, एवढे निश्चित.

आता हा प्रश्न लातूर रोड–परळी लोहमार्गावरील घाटनांदूरसारख्या गावातून भौतिकशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाजूने पाहावा. पूर्वी त्याची मुख्य अडचण नियतकालिक हाती न येणे ही असे. केंद्र शासनाने २०२४ साली मंजूर केलेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेने ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके केंद्र व राज्य शासनांच्या व्यवस्थापनाखालील संस्थांना खुली करण्याचे ठरविले आणि २०२५ पासून ती अमलात आली. पहिल्या टप्प्यात खाजगी महाविद्यालये तिच्या कक्षेत नव्हती, हे न्यून मोठे आहे. तथापि ज्यांना दार उघडले त्यांच्यापुढेही दुसरी अडचण उभी राहिलीच. तेरा हजार नियतकालिकांच्या दारात उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला प्रथम काय वाचावे आणि कशावर विश्वास ठेवावा, हे कोण सांगणार? महानगरातील विद्यार्थ्याला ते प्रयोगशाळेतील ज्येष्ठांकडून ऐकावयास मिळते. ज्याच्याजवळ असा सहवास नाही, त्याच्यासाठी समीक्षालेख हाच ज्येष्ठ सहाध्यायी होय.

येथे समीक्षालेखाच्या दोषाचाही विचार केला पाहिजे. पृष्ठमर्यादा सैल झाली की, समीक्षेची सूची होण्यास वेळ लागत नाही. प्रत्येक निबंधाला एक वाक्य देणारा लेख कोणालाच दुखवीत नाही. आणि म्हणूनच काही सांगतही नाही. ज्या अंबाजोगाई तालुक्यात घाटनांदूर वसले आहे, तेथील दासोपंतांच्या कार्यात या प्रश्नाची दोन टोके एकत्र दिसतात. त्यांचा ‘गीतार्णव’ सव्वा लक्ष ओव्यांचा म्हणून प्रसिद्ध आहे. ग्रंथाचा विस्तारच वाचकाच्या वाटेत उभा राहतो. त्याच दासोपंतांनी पासोडीच्या वस्त्रावर आकृत्यांसह पंचीकरण लिहिले. वस्त्र उलगडले की, तत्त्वांचा परस्परसंबंध डोळ्यांपुढे येतो. दोन्हींत पांडित्य तेच. फरक आहे तो वाचकाच्या दृष्टिक्षेपाची चिंता वाहण्यात. प्रकाशकीतील उत्तम समीक्षालेख पासोडीच्या जातीचा असावा.

मराठीतून अशी समीक्षा लिहिता येईल काय? बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दिग्दर्शन’ मासिकापासून (१८४०) १९२८ साली निघालेल्या ‘सृष्टिज्ञान’पर्यंत आणि पुढे १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या पत्रिकेपर्यंत मराठी विज्ञान-नियतकालिकांची परंपरा अखंड आहे, परंतु तिचा मुख्य हेतू लोकशिक्षणाचा राहिला. लोकशिक्षण करणारा लेखक शास्त्राचे निर्णय वाचकापर्यंत पोहोचवितो. समीक्षकाला ते निर्णय स्वतः तपासावे लागतात. व्यतिकरण, विवर्तन, ध्रुवण, कला हे शब्द परिभाषाकोशांनी दिले आहेत. पण शब्द रुळतो तो कोशात नव्हे, तर ज्या वाक्यात त्याच्या आधारे दोन मतांचा निवाडा करावा लागतो अशा वाक्यात. म्हणून मराठीला प्रथम हवे ते नवे मासिक नव्हे. विद्यापीठीय विभागांच्या पत्रिकांत वर्षाकाठी एक तरी असा लेख हवा, ज्यात प्रकाशकीतील एका मर्यादित प्रश्नाची गेल्या काही वर्षांतील वाटचाल तपासली असेल आणि जेथे लेखकाचे समाधान झाले नाही तेथे तसे स्पष्ट लिहिलेले असेल.

नव्या समीक्षा-नियतकालिकाची कसोटी त्याच्या लेखांचा उल्लेख कितीदा झाला, ही नव्हे. ते वाचून उठलेल्या विद्यार्थ्याला पुढचा कोणता निबंध वाचावयाचा आणि कोणता बाजूला ठेवावयाचा हे कळले काय, हीच त्याची कसोटी होय. पंचरत्नम् यांच्या निबंधाला तीस वर्षे वाट पाहावी लागली; पुढचा तसा निबंध कदाचित आजही कोठे तरी छापून पडलेला असेल.