सागरी वाहतुकीचे संशोधन आणि मराठी शब्द

निघोजे हे खेड तालुक्यातील गाव इंद्रायणीच्या काठी वसले आहे. समुद्र तेथून बराच दूर असून मध्ये सह्याद्रीची भिंत उभी आहे. सागरी वाहतुकीच्या विवेचनाचा आरंभ अशा गावापासून करणे प्रथमदर्शनी विपरीत वाटेल. परंतु वस्तुस्थिती पाहता तसा तो नाही. चाकण औद्योगिक क्षेत्राच्या विस्ताराबरोबर या परिसरात मोटारींचे मोठे कारखाने उभे राहिले. त्यांपैकी फोक्सवॅगनचा कारखाना २००९ साली सुरू झाला, आणि तेथे बांधलेल्या मोटारी मेक्सिकोसारख्या दूरच्या देशांपर्यंत गेल्या. निर्यातीचा सुटा माल कंटेनरात भरून न्हावाशेव्याकडे रवाना होतो. कंटेनर कारखान्याच्या आवारातच भरता येतो, त्याला सीलही तेथेच लागते, आणि बंदरावर तो उघडण्याचे कारण सहसा पडत नाही. पूर्वी धक्क्यावरील हमाल व कारकून जी कामे करीत, त्यांचा बराचसा भाग आता घाटमाथ्यावर होतो. तेव्हा बंदर नेमके कोठे सुरू होते, हा प्रश्न आज केवळ भूगोलाचा राहिलेला नाही.

या प्रश्नाला विद्यमान संशोधन कितपत उत्तर देते, हे पाहणे उद्बोधक ठरेल. महाराष्ट्राच्या सागरी इतिहासावर मौलिक ग्रंथ झाले आहेत, हे प्रथमच नमूद केले पाहिजे. डॉ. भा. कृ. आपटे यांचा मराठ्यांच्या आरमारावरील व व्यापारी जहाजांवरील इंग्रजी ग्रंथ १९७३ साली प्रसिद्ध झाला. केवळ लढायांवर न थांबता त्याने व्यापारी जहाजांनाही विषयात स्थान दिले, हा त्याचा विशेष होय. रतनजी अर्देशिर वाडिया यांनी १९५५ साली मुंबईच्या गोदीचा आणि तेथील वाडिया घराण्यातील जहाजबांधणी करणाऱ्यांचा इतिहास सिद्ध केला. मुंबईत सागवानी लाकडात बांधलेले आणि १८१७ साली पाण्यात उतरलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज आजही इंग्लंडात जतन करून ठेवलेले आहे. यावरून त्या कारागिरीची योग्यता कळून येते. परंतु हे दोन्ही ग्रंथ शिडांच्या युगाभोवती फिरतात. त्यांच्या आधाराने मराठी वाचकाच्या मनात जो समुद्र उभा राहतो, तो गतवैभवाचा समुद्र असतो.

उलटपक्षी आधुनिक वाहतुकीवरील लेखन टनांत आणि कोटींत बोलते. न्हावाशेवा बंदर १९८९ साली सुरू झाले; वाढवण बंदराची पायाभरणी २०२४ साली झाली. या दोहोंविषयी जे लिहिले जाते त्यात खोली, क्षमता व खर्च यांचे आकडे असतात, वाढवणच्या बाबतीत मच्छीमारांच्या विरोधाची वार्ताही असते. जहाजावर काम करणारा मनुष्य मात्र क्वचितच आढळतो. मार्क लेव्हिन्सन यांच्या २००६ सालच्या कंटेनरविषयक ग्रंथात गोदी कामगारांच्या संघर्षाला न्याय मिळाला आहे. १९५६ साली ‘आयडियल एक्स’ या जहाजाने ५८ कंटेनर वाहून नेले आणि धक्क्यावरील श्रमाचे स्वरूप पुढे कसे पालटले, ते त्यावरून समजते. तथापि त्याचा रोख प्रामुख्याने अमेरिकी व युरोपीय बंदरांकडे आहे. गोपालन बालचंद्रन यांचा भारतीय खलाशांवरील २०१२ सालचा ग्रंथ या दृष्टीने अधिक जवळचा, परंतु त्याने १९४५ ही मर्यादा स्वतःच घालून घेतली आहे. म्हणजे कंटेनरयुगातील भारतीय खलाशी या ग्रंथांच्या फटीतून निसटतो.

ही उणीव केवळ विषयाची नव्हे, शब्दांचीही आहे. नौकानयनाची मराठी शब्दसंपत्ती मोठी आहे आणि तिच्यात अनेक भाषांचे थर आहेत. ‘बंदर’ व ‘नाखवा’ यांचे मूळ फारसीत, तर ‘सुकाणू’ व ‘खलाशी’ यांचे अरबीत सापडते. ‘नांगर’ हा शब्द तर अभ्यासकाने मुद्दाम पाहावा असा आहे. शेतकऱ्याचा नांगर संस्कृत ‘लांगल’ या शब्दापासून आला. जहाजाचा नांगर फारसी ‘लंगर’ या शब्दाशी जोडला जातो. मराठीत दोहोंचे रूप एक झाले. ज्या निघोज्यात पहिला नांगर चालत होता, तेथील माल आज दुसऱ्या नांगराच्या आधाराने जगतो; परंतु या संक्रमणाची नोंद कोणत्याही कोशात नाही.

शब्दांचे अर्थही स्थिर नसतात. कोळ्यांच्या होडीवर ‘तांडेल’ हा प्रमुख असतो. आगबोटीवर तोच शब्द सारंगाच्या हाताखालील मनुष्याला लागला. एका शब्दाचे हे उतरणे म्हणजे एका समाजाच्या दर्जाचा इतिहास होय. ‘कंटेनर’ या शब्दाची गत निराळी. बंदराच्या हिशेबात तो एक पेटी आहे. चाकणच्या रस्त्यावर आणि मराठी वृत्तपत्रांच्या अपघातवार्तांत तो प्रत्यक्ष वाहनच होतो. निघोज्याच्या रहिवाशाला सागरी व्यापार ज्या रूपाने भेटतो, ते रूप या अर्थांतराने अचूक टिपले आहे.

खलाशांची बोली नोंदविण्याचा प्रयत्न पूर्वी झाला, तो राज्यकर्त्यांच्या गरजेपोटी. टॉमस रोबक याचा इंग्रजी-हिंदुस्थानी नाविक कोश १८११ साली निघाला, आणि जॉर्ज स्मॉल याने सुधारलेली त्याची आवृत्ती १८८२ साली ‘लश्करी’ कोश म्हणून प्रसिद्ध झाली. हे कोश आजही अमोल आहेत. परंतु हुकूम देणाऱ्याला हुकूम कसा द्यावा हे त्यांत सापडते; हुकूम ऐकणारे आपसात काय बोलत, हे सापडत नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील कोकणी मुसलमान डेकवर आणि गोव्याचे ख्रिस्ती उतारूंच्या सेवेत, अशी कामाची वाटणी ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर दीर्घकाळ होती. त्यांची बोली त्यांच्या घरांत जाऊनच टिपावी लागेल, आणि ती बोलणारे आता वृद्ध झाले आहेत.

हा शब्दच्छल नव्हे. २००६ च्या सागरी श्रम कराराने जहाजावर कोणत्याही नात्याने काम करणाऱ्या प्रत्येकास एकाच व्याख्येत घेतले. भारताने तो २०१५ साली स्वीकारला. मराठीत त्या व्याख्येसाठी कोणता शब्द योजावा? ‘खलाशी’ म्हटले की डेकवरचा मनुष्य डोळ्यांसमोर येतो. स्वयंपाक करणारा भंडारी व झाडलोट करणारा टोपस सुटतो. ‘नाविक’ म्हटले की नौदलाचा भास होतो. हक्क सांगणाऱ्या कागदातील शब्द ज्याचा त्याला ओळखू येत नसेल, तर हक्कही ओळखू येत नाही. २०२० च्या अखेरीस सुमारे चार लाख खलाशी महामारीमुळे मुदत संपूनही जहाजांवर अडकले होते. २०२४ च्या मार्चमध्ये बाल्टिमोरच्या पुलावर ‘डाली’ हे जहाज आदळल्यानंतर त्यावरील बहुतांशी भारतीय खलाशी अनेक आठवडे जहाजातच राहिले. पुलाची आणि मालाची वार्ता सर्वत्र पोहोचली. त्या माणसांची फार थोडी पोहोचली.

तेव्हा विद्यापीठीय संशोधनापुढील कार्य स्पष्ट आहे. नवे संस्कृत प्रतिशब्द टांकसाळीतून पाडण्यापूर्वी प्रचारातील शब्दांची पाहणी झाली पाहिजे. आणि ती भाऊच्या धक्क्यापासून नव्हे, तर निघोज्याच्या कारखान्याच्या दारापासून आरंभून घाट, न्हावाशेवा व रत्नागिरीची खलाशांची गावे अशी क्रमाने व्हावी. इतिहासकाराने, अर्थशास्त्रज्ञाने व भाषाभ्यासकाने ती एकत्र केल्यास बंदराचा अर्थ विस्तारेल आणि त्यात मनुष्यास स्थान मिळेल. आपल्या मालाचा प्रवास ज्यांच्या हातांनी होतो त्यांना नावाने संबोधता येणे, एवढी किमान अपेक्षा तरी या शास्त्राकडून करणे अवाजवी नाही.