शंख, पेज आणि मन्वंतर

विल्यम गोल्डिंग यांची ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ ही कादंबरी १९५४ मध्ये प्रसिद्ध झाली. तेव्हापासून मानवी समाजातील व्यवस्था कशी कोसळते या प्रश्नाचे तिने दिलेले उत्तर बहुतेकांनी अखेरचे म्हणून स्वीकारले आहे. वडीलधाऱ्यांचा धाक नाहीसा झाला, की संस्कारांचे पातळ आवरण विरते आणि त्याखालचा रानटी माणूस प्रकट होतो, असे ते उत्तर थोडक्यात सांगता येईल. गोल्डिंग शाळामास्तर होते, दुसऱ्या महायुद्धात आरमारात अधिकारी होते, आणि त्यांनी युद्धाचे जे रूप पाहिले त्यातून हे उत्तर आले. त्याच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु एखादे उत्तर प्रामाणिक असणे आणि ते सर्वत्र लागू पडणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. ज्या समाजात व्यवस्था कोसळण्याचा अनुभव निर्मनुष्य बेटावर न येता भरवस्तीत आला, त्या समाजातील वाचकाने ही कादंबरी कशी वाचावी, हा प्रश्न आपल्या समीक्षेने पुरेशा गांभीर्याने विचारलेला दिसत नाही.

या प्रश्नासाठी उत्तर कोलकात्यातील बागबाजार हे स्थान योग्य ठरेल. हुगळीच्या काठचा हा जुना मोहल्ला. नटश्रेष्ठ गिरीशचंद्र घोष यांचे घर येथले, सारदादेवींचे अखेरच्या वर्षांतले निवासस्थान येथले, आणि भगिनी निवेदितांनी १८९८ मध्ये मुलींची शाळा काढली ती येथल्याच बोसपाडा गल्लीत. १९४० मध्ये ताराशंकर बंदोपाध्याय यांनी बागबाजारात भाड्याचे घर घेऊन आपले कुटुंब कलकत्त्यास आणले आणि पुढच्या वर्षी ते बरानगरला गेले. पुढे युद्धकालीन कलकत्त्यावर त्यांनी कादंबरी लिहिली. तिचे नाव ‘मन्वंतर’. मराठी वाचकाला हा शब्द युगपालटाचा वाटतो; साहित्यात किंवा समाजात मन्वंतर घडले असे आपण गौरवाने म्हणतो. बंगालीत मात्र १७७० च्या महादुष्काळापासून ‘मन्वंतर’ म्हणजे दुष्काळ. एकच संस्कृत शब्द, पण एका भाषेत तो नव्या युगाची चाहूल देतो आणि दुसरीत उपासमारीचे स्मरण. अनुवादकाने ही तफावत केवळ कोशात नोंदवून पुढे जाऊ नये. अन्न नाहीसे होणे म्हणजे काळाची घडीच मोडणे, असा एका समाजाचा अनुभव त्या शब्दात साठलेला आहे.

गोल्डिंग यांच्या कादंबरीचा सारा प्रतीकव्यूह शंखाभोवती रचलेला आहे. रॅल्फला तो सरोवरात सापडतो आणि तो वाजवायचा कसा हे पिगीला ठाऊक असते. शंख ज्याच्या हाती त्यानेच बोलावे, असा नियम ठरतो. त्या शंखात स्वतःची अशी कोणतीही शक्ती नाही. सर्वांनी मानले म्हणून तो सत्ता आहे. म्हणूनच जॅक जेव्हा डोंगरावर शंखाचा नियम चालणार नाही असे म्हणू लागतो, तेव्हा शंखाला एक ओरखडाही न उमटता त्याचा भंग सुरू झालेला असतो. रॉजर हा मुलगा प्रथम लहानग्या हेन्रीच्या दिशेने दगड फेकतो, पण त्याच्याभोवती काही हात जागा सोडून. दूर राहिलेल्या जगाच्या धाकाने आखलेले ते अदृश्य वर्तुळ हे या कादंबरीतील सर्वांत सूक्ष्म प्रतीक होय. पुढे हाच रॉजर पिगीवर शिळा लोटतो, तेव्हा ते वर्तुळ उरलेले नसते आणि पिगीबरोबर शंखाचेही तुकडे होतात. व्यवस्थेचा ऱ्हास इतक्या काटेकोर क्रमाने दाखवणारी दुसरी कादंबरी सहजी सापडणार नाही.

परंतु हा शंख भारतीय भाषेत आला की त्याचा अर्थ बदलू लागतो. इंग्रजी वाचकाला तो समुद्रकाठी सापडलेला एक सुंदर कवच आहे. त्याला जो अर्थ येतो तो कादंबरीतच येतो. बंगाली घरात तिन्हीसांजेला शंख वाजतो, भूकंप झाला तरी वाजतो, आणि शंखाच्या बांगड्या हे तेथे सौभाग्याचे लेणे आहे. त्या फुटतात त्या वैधव्यात. म्हणजे बागबाजारातल्या वाचकाच्या मनात शंखभंगाचा पहिला अर्थ करार मोडणे असा न उमटता नाते तुटणे असा उमटतो. मराठीत तर या शब्दाची गंमत आणखी वेगळी आहे. आरतीतला शंख मंगल खरा, पण ‘शंख करणे’ म्हणजे तोंडावर हात घेऊन बोंब ठोकणे. सभेला शिस्त लावणारा आणि शिस्त मोडल्यावर उठणारा, असे दोन्ही आवाज मराठीने एकाच शब्दात बसवले आहेत. अनुवादकाने हे अर्थ झटकून टाकण्याचे कारण नाही; उलट त्यांच्यामुळेच एक प्रश्न अधिक स्पष्ट होतो. व्यवस्था म्हणजे केवळ परस्परांत ठरलेला नियम, की त्याहून खोल असे काही?

या प्रश्नाचे दुसरे उत्तर बिभूतिभूषण बंदोपाध्याय यांच्या ‘अशनिसंकेत’ या कादंबरीत आहे. १९४३ चा दुष्काळ ताजा असतानाच ती क्रमशः लिहिली गेली, आणि १९५० मध्ये लेखकाचे निधन झाल्यावर १९५९ मध्ये पुस्तकरूपाने आली. गंगाचरण हा ब्राह्मण आणि त्याची पत्नी अनंगबौ एका नव्या गावात बिऱ्हाड करतात. गावात दुसरे ब्राह्मण नाहीत. म्हणून गंगाचरण तेथे पंतोजी, पुरोहित आणि वैद्य असे तिन्ही होतो. तांदूळ, भाजी, मान हे सर्व त्याला न मागता मिळते. ही त्या गावाची व्यवस्था. युद्ध दूर कोठे तरी चालले आहे. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडते, पाठोपाठ ब्रह्मदेश जातो, आणि तेथून येणारा तांदूळ बंद होतो. गावाला याचा अर्थ कळत नाही. कळते ते एवढेच, की दुकानात तांदूळ नाही. गोल्डिंग यांच्या बेटावरही युद्ध आकाशातूनच येते. हवाई छत्रीला अडकलेल्या मृत सैनिकालाच मुले श्वापद समजतात. दोन्ही लेखकांना विनाशाची खूण वरून येताना दिसली आहे. ‘अशनि’ म्हणजे वज्र, आणि संकेत त्याचा.

पण खाली जे घडते ते सर्वस्वी वेगळे आहे. ‘अशनिसंकेत’मध्ये जॅक नाही आणि रॉजरही नाही. प्रथम दान आटते, मग पाहुणचार जड होतो, मग लोक रानातले कंद आणि तळ्यातल्या गोगलगाई शोधू लागतात, मग एक स्त्री तांदळासाठी देह विकते, आणि अखेर मोती ही चांभारीण उपासमारीने मरते. टोळी बनत नाही. माणसे एकेकटी होत जातात आणि मरतात. शहरातही हेच घडले. १९४३ च्या उन्हाळ्यानंतर खेड्यांतून निघालेली माणसे कलकत्त्याच्या रस्त्यांवर आली आणि दारोदार फ्यान मागू लागली. फ्यान म्हणजे भात वेळून काढलेली पेज. भात मागण्याचे धाडस त्यांना झाले नाही. मागितली ती पेज. अन्नाने भरलेल्या दुकानांसमोर माणसे मेली, दुकाने मात्र लुटली गेली नाहीत, याचे आश्चर्य त्या काळच्या अनेक साक्षीदारांनी नोंदवले आहे. १९४५ मध्ये सरकारी चौकशी आयोगाने मृतांचा आकडा सुमारे १५ लाख धरला. पुढच्या अभ्यासकांनी तो ३० लाखांपर्यंत नेला.

येथे गोल्डिंग यांचे सूत्र अपुरे पडते. कलकत्त्यात धाक नाहीसा झालेला नव्हता. न्यायालये चालू होती, पोलीस होते, ट्राम धावत होत्या. नाट्यगृहेही चालू होती. बिजन भट्टाचार्य यांचे ‘नवान्न’ १९४४ मध्ये रंगभूमीवर आले, आणि कचऱ्याच्या कुंडीशी अन्नासाठी कुत्र्याशी झगडणारा माणूस त्यात प्रेक्षकांना पाहावा लागला. म्हणजे व्यवस्था शाबूत होती, आणि त्या व्यवस्थेच्या आतच माणसे मरत होती. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले, की त्या वर्षी बंगालमधील अन्नाचा साठा दुष्काळ पडावा इतका घटलेला नव्हता. नाहीसा झाला होता तो गरिबांचा त्या अन्नावरचा हक्क. कोठाराचे कुलूप शाबूत राखणारी आणि कुलपाबाहेरच्या माणसाला मरू देणारी व्यवस्था ही एकच होती. बेटावर शंख फुटला म्हणून पिगी मेला असे म्हणता येईल. बंगालमध्ये शंख शेवटपर्यंत अखंड होता. ज्यांच्या हाती तो कधी आलाच नाही ती माणसे बोलण्याची पाळी येण्यापूर्वीच संपली.

मग गोल्डिंग चुकले असे म्हणावे काय? तसे म्हणणे सोयीचे आहे, परंतु प्रामाणिकपणाचे नाही. ज्या शहरात १९४३ मध्ये उपाशी माणसांनी दुकानांना हात लावला नाही, त्याच शहरात १६ ऑगस्ट १९४६ पासून पुढचे काही दिवस शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना ठार मारले. वादळी रात्री मुलांचे रिंगण नाचता नाचता सायमनला मारते आणि त्यातल्या कोणालाच आपण मारले असे वाटत नाही, हा प्रसंग ज्यांनी तो ऑगस्ट पाहिला त्यांना परका वाटणार नाही. तेव्हा दोन्ही अनुभव खरे आहेत, आणि ते एकमेकांना खोडत नाहीत. चूक होते ती एकाचे सूत्र दुसऱ्यावर लादण्यात. उपासमारीने झालेल्या विघटनाला मानवी स्वभावातील दुष्टपणाचे नाव दिले, की ज्यांनी धान्याचे साठे केले आणि ज्यांनी वेळेवर धोरण बदलले नाही ते सर्व मोकळे सुटतात. प्रतीकांची भाषा एवढी व्यापक होऊ देणे हा समीक्षेचा दोष आहे, आणि तो निरुपद्रवी नाही.

मराठी वाचकाला या विचारासाठी फार दूर जावे लागू नये. व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ १९५५ ची, म्हणजे गोल्डिंग यांच्या कादंबरीनंतर अवघ्या वर्षाची. तिच्यातही एक मास्तर परक्या गावात येतो, शाळा सुरू करतो, तालीम उभारतो, आणि धनगरांच्या त्या वाडीत एक नवी व्यवस्था हळूहळू रुजते. मग दुष्काळ येतो. मेंढरे मरतात, माणसे जगायला निघून जातात, वाडी ओस पडते. कोणी कोणावर दगड उचलत नाही. माडगूळकर कोणतेही प्रतीक उंच धरून दाखवीत नाहीत. रिकामी झालेली वाडी हेच तेथील प्रतीक. गोल्डिंग यांच्या बेटावर समाज फुटतो, बिभूतिभूषण यांच्या गावात तो झिजतो आणि माडगूळकरांच्या वाडीत तो पांगतो. विघटनाच्या या तीन रीतींना एकच नाव पुरणार नाही.

‘अशनिसंकेत’चे मोठेपण मात्र आणखी एका ठिकाणी आहे. मोती मरते तेव्हा तिच्या देहाला हात कोणी लावायचा हा प्रश्न उभा राहतो. कारण गावाच्या व्यवस्थेत तिचा स्पर्श निषिद्ध आहे. उपासमारीने गावाचे बहुतेक सर्व नियम मोडलेले असताना हा एक नियम शाबूत आहे. त्याला छेद जातो तो गंगाचरणाच्या घराकडून. गावाने ज्याला मान दिला तो केवळ त्याच्या जातीचा, तोच माणूस त्या मृतदेहाच्या अखेरच्या कर्तव्यापाशी येऊन पोहोचतो. सत्यजित राय यांनी १९७३ मध्ये या कादंबरीवर केलेल्या चित्रपटालाही या क्षणाचे महत्त्व पुरते उमगलेले आहे. येथे व्यवस्था मोडते आणि खालून रानटीपणाऐवजी माणुसकी प्रकट होते. रॉजरच्या दगडाभोवतीचे वर्तुळ हेन्रीला वाचवीत होते. मोतीभोवतीचे वर्तुळ तिला मरणानंतरही एकटे ठेवीत होते. पहिले पुसले गेले तो अधःपात, दुसरे पुसले गेले तो विकास. सर्वच मर्यादा एका मोलाच्या नसतात, ही गोष्ट गोल्डिंग यांच्या बेटावर दिसू शकत नाही. कारण तेथे आलेल्या मुलांच्या मर्यादांमागे इतिहास उरलेला नाही.

बागबाजाराला ही गोष्ट १९४३ पूर्वीच ठाऊक असावयास हवी होती. १८९९ मध्ये कलकत्त्यात प्लेगची साथ आली तेव्हा निवेदितांनी स्वतः झाडू हाती घेऊन येथल्या गल्ल्या साफ करण्यास आरंभ केला. कोणाचे काम कोणी करावे याविषयी त्या मोहल्ल्याची जी जुनी व्यवस्था होती, ती त्या झाडूने मोडली, आणि ती मोडली म्हणूनच माणसे वाचवण्याचे काम पुढे सरकले. संकटात नियम टिकतात की नाही, एवढेच पाहणारी समीक्षा अर्धे काम करते. कोणता नियम कोणाला जगवतो आणि कोणता कोणाला मारतो हे पाहणे तिचे उरलेले अर्धे काम आहे.

‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’च्या शेवटी आरमारी अधिकारी येतो आणि मुलांची सुटका होते, पण त्याची युद्धनौका दूरवर उभीच असते. या उपरोधाकडे पुष्कळ वाचकांचे दुर्लक्ष होते. ज्या व्यवस्थेच्या अभावी मुले रानटी झाली असे आपण मानतो, तीच व्यवस्था गणवेश घालून दुसऱ्या शिकारीस निघालेली आहे. गोल्डिंग यांनी हे अखेरच्या पानांत सुचवून सोडून दिले. बिभूतिभूषण यांची कादंबरी सुरू होते ती नेमकी येथून, त्या युद्धनौकांच्या सावलीत राहणाऱ्या आणि त्यांचे नावही न ऐकलेल्या माणसांपासून. म्हणून दोन्ही कादंबऱ्या एकत्र वाचल्या पाहिजेत, आणि भारतीय भाषांत त्यांचे अनुवाद करताना शंखाइतकेच पेजेकडेही लक्ष दिले पाहिजे. शंख सभा भरवतो. त्या सभेत कोणाला जागा नव्हती, हे दारात पेज मागणाऱ्या हाताकडे पाहिल्याखेरीज कळत नाही.