‘मित्राची गोष्ट’ : तीन प्रश्नांची एक गाठ

विज्ञानाच्या मासिकात नाटकाची समीक्षा कशासाठी, असे काही शिक्षकांना वाटेल. पण जीवशास्त्राच्या तासाला आपण जो विषय टाळतो तो मुले नाटक-सिनेमातून शिकतात. तिथे काय शिकवले जाते हे तपासणे मग आपले काम ठरते.

विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगभूमीवर आले. दिग्दर्शन विनय आपटे यांचे, तर सुमित्रा ऊर्फ मित्राच्या भूमिकेत रोहिणी हट्टंगडी होत्या. स्वातंत्र्यापूर्वीच्या काळातली ही कॉलेजातली मुलगी नमा नावाच्या मुलीवर प्रेम करते आणि अखेर आत्महत्या करते. हकिगत सांगतो तिचा स्नेही बापू. नाटकाचे धाडस मोठे होते. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये समलिंगी आकर्षण मनोविकारांतून वगळले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत मात्र ते १९९० पर्यंत राहिले. तेंडुलकरांनी मित्राची थट्टा केली नाही, ही मोठीच गोष्ट.

लग्न ठरू लागते तेव्हा पुरुषाविषयी आपल्याला काहीच वाटत नाही हे मित्राला जाणवते. खात्रीसाठी ती घरच्या गड्याशी संबंध ठेवते. हा नाटकातला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग आणि आमच्या मते सर्वांत खराही. उत्तर तिला आधीच ठाऊक असते. तरी प्रयोग करावासा वाटतो. ‘लग्न झाले की ताळ्यावर येईल’ म्हणणारे आईवडील हाच प्रयोग दोन आयुष्यांवर करतात. (नियंत्रित प्रयोग म्हणावा तर तोही नव्हे!)

आमची तक्रार दुसरीच आहे. मित्रा बेधडक, पुरुषी वळणाची रंगवली आहे. कॉलेजच्या नाटकात ती पुरुषाची भूमिका करते, नमा नायिका होते आणि तिथेच तिचे मन गुंतते. त्यामुळे स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री म्हणजे ‘आतून पुरुष’ असा समज घेऊन प्रेक्षक घरी जातो. इथे तीन प्रश्नांची गाठ पडली आहे. मी स्वतःला कोण मानते, हा झाला लिंगभाव. मला ओढ कोणाची, हा लैंगिक कल. मी वागते कशी, नेसते काय, हा तिसराच प्रश्न. जन्माच्या वेळी शरीर पाहून केलेली नोंद ज्यांच्या लिंगभावाशी जुळत नाही त्या व्यक्ती पारलिंगी, म्हणजे ट्रान्सजेंडर. त्यांचा कल कोणताही असू शकतो. क्वीअर हा इंग्रजीत शिवीसारखा वापरला जाणारा शब्द, पण अशा अनेकांनी तो आपणहून स्वीकारला आहे. बालगंधर्वांच्या शालूवरून त्यांना कोण आवडते हे ताडता येत नव्हते. मित्राच्या चालीवरूनही ताडू नये.

वर्गात ज्याला ‘बायल्या’ म्हणून हाक पडते तो मुलगा समलिंगी असेल, पारलिंगी असेल, किंवा दोन्ही नसेल. हाक मात्र त्याला रोज ऐकावी लागते, आणि पुष्कळदा शिक्षकही हसतात.

नाटकातल्या त्या नाटकात नमाला नायक आणि मित्राला नायिका केले असते, तर मित्राच्या मनातले काय बदलले असते? अकरावीच्या वर्गाला हा प्रश्न घालून पाहावा.