स्फटिक नवा, म्हणून औषध नवं?

आजचा विषय रसायनशास्त्राचा वाटेल. आम्ही तो घेतला आहे तो 'नवा' या एका शब्दासाठी.

आधी प्रक्रिया पाहू. कार्बन डायऑक्साइड ३१ अंश सेल्सिअसच्या थोडा वर आणि वातावरणाच्या सुमारे ७३ पटींहून जास्त दाबाखाली ठेवला, की तो धड वायू राहत नाही आणि धड द्रवही होत नाही. द्रवासारखा विरघळवतो, वायूसारखा बारीक फटींत शिरतो. ही सुपरक्रिटिकल अवस्था. कॉफीतलं कॅफिन काढायला हीच युक्ती वापरतात. औषधाच्या बाबतीत एक पद्धत अशी : औषध एखाद्या द्रावकात विरघळवायचं आणि त्यात हा कार्बन डायऑक्साइड सोडायचा. तो द्रावकाला ओढून घेतो, आणि औषध बारीक स्फटिकांच्या रूपानं बाहेर पडतं. दाब सोडला की वायू निघून जातो. फार उष्णता लागत नाही, त्यामुळे नाजूक रेणू टिकतात. दाब-तापमान बदललं, तर काही वेळा तोच रेणू वेगळ्या रचनेत बसतो. हाच तो 'नवा स्फटिक'.

युक्ती सुंदर आहे, वाद नाही. तिला सरसकट 'द्रावकमुक्त' म्हणतात ते मात्र खरं नाही. बरीच औषधं कार्बन डायऑक्साइडमध्ये नीट विरघळतच नाहीत, म्हणून तर वर सांगितलेला द्रावक लागतो. पण आमचा मुख्य आक्षेप 'नवा' या शब्दावर आहे.

आपल्याकडे हा वाद जुना आहे. सांख्य म्हणतात, घडा मातीत आधीपासून होताच. नैयायिक म्हणतात, घडा नवाच. मातीच्या गोळ्यात पाणी भरता येत नाही, घड्यात येतं.

आता दोन उदाहरणं घ्या. रिटोनाविर हे एचआयव्हीवरचं औषध. १९९८ साली कारखान्यात त्याचं आधी न दिसलेलं स्फटिकरूप उगवलं. रेणू तोच, पण नीट विरघळेना. कॅप्सूल बाजारातून काढावी लागली आणि रुग्णांची पंचाईत झाली. म्हणजे रूप ही वरवरची गोष्ट नव्हे.

दुसरं, रक्ताच्या कर्करोगावरचं इमॅटिनिब. त्याच्या बीटा स्फटिकरूपावर नोव्हार्टिसनं भारतात पेटंट मागितलं. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं ते नाकारलं. पेटंट कायद्याचं कलम ३(ड) सांगतं : ज्ञात पदार्थाच्या नव्या रूपानं परिणामकारकता वाढली पाहिजे. न्यायालय म्हणालं, औषधाच्या बाबतीत ती रोगावरचीच परिणामकारकता. भुकटी चांगली वाहते, ओल कमी धरते, एवढ्यानं भागत नाही. मूळ औषध आणि जेनेरिक यांच्या किमतींत कित्येक पटींचा फरक होता. तेव्हा हा शब्दच्छल नव्हता, औषध परवडण्या-न परवडण्याचा प्रश्न होता.

कुणी म्हणेल, उन्हाळ्यात दुकानाच्या फळीवर टिकणारी गोळी हाही रुग्णाचा फायदाच ना? आहे, आम्ही मानतो. पण तेवढ्यासाठी वीस वर्षांची मक्तेदारी द्यावी, हे आम्हांला पटत नाही. टिकाऊपणाची किंमत वेगळी मोजता येईल.

म्हणून 'नवा स्फटिक सापडला' अशी बातमी आली, की आपण नैयायिकांचा प्रश्न विचारू : या घड्यात आता जास्त पाणी मावतं का? आणि ते कुणाच्या घरी पोचतं?

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.